आठ टोकांची जाळी

फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. अनोळखी नंबर होता. पलीकडचा माणूस अगदी शांत आवाजात म्हणाला, "ताई, काळेवाडीच्या सोसायटीतली जाळी तुम्हीच बनवली ना?" मला वाटलं, नवं काम असेल. मी हो म्हणाले.

"बरं. लक्षात ठेवतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

चाकणच्या ज्या शेडमध्ये मी डिझाइन काढते, तिथे लेझरवर पत्रा कापतात. मालक तिथल्याच जुन्या गावचे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. बहुतेक काम कंपन्यांचं, ब्रॅकेट आणि गार्ड. मधूनच कुणाला गेटला किंवा जिन्याला जाळी हवी असते. त्या कामाची मी वाट बघत असते.

मी मूळची सोलापूरकडची. शाळेच्या सहलीत विजापूरला एका रोज्यात, म्हणजे सुलतानाच्या कबरीवरच्या इमारतीत, दगडाची जाळी पाहिली होती. लांबून वाटलं वेलबुट्टी आहे. जवळ गेल्यावर कळलं, ती अक्षरं आहेत, आणि उजेड त्या अक्षरांच्या फटींतून आत येतोय. तेव्हापासून मला हा नाद लागला. शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर तेच बघत बसायचे. इराणच्या घुमटांवरच्या निळ्या फरशा. कैरोच्या घरांच्या लाकडी खिडक्या, ज्यांतून बाईला रस्ता दिसतो पण रस्त्याला बाई दिसत नाही. मोरोक्कोत फरशीचे बारीक तुकडे हाताने तासून बसवलेले तारे. स्पेनमधल्या राजवाड्यांच्या गिलाव्यावरचं नक्षीकाम. प्रत्येक मुलखाने आपली माती, आपलं लाकूड, आपला रंग घातलेला, आणि तरी सगळ्यांत एक ओळखीची चाल. काळेवाडीच्या सोसायटीने दाराच्या जाळीसाठी "काहीतरी वेगळं करा" म्हटल्यावर मी त्यातलाच आठ टोकांचा तारा घेतला.

फोनचा अर्थ संध्याकाळी कळला. कुणीतरी जाळीचा फोटो फिरवला होता: सोसायटीच्या दारावर मशिदीची जाळी कुणी बसवली? खाली आमच्या शेडचा पत्ता आणि माझा नंबर.

मग फोन येतच राहिले. काही जण शिव्या द्यायचे. काही जण नुसते ऐकत राहायचे, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटायची. नवरा म्हणाला, "फोन बंद ठेव आणि थोडे दिवस सुट्टी घे." पण सुट्टी घेऊन घरात बसले असते तर दाराच्या प्रत्येक बेलला दचकले असते. मी कामावर जात राहिले. एकदा येताना मोशीपर्यंत एक बाइक मागे होती. मी गाडी हळू केली, तीही हळू झाली. मी पेट्रोल पंपावर वळले. बाइकवाला तसाच पुढे निघून गेला. कदाचित त्याचा माझ्याशी काही संबंधही नसेल. मला गाडी स्टँडला लावता येईना. पंपावरच्या बाईने ती धरली.

सोसायटीने रविवारी सकाळी बैठक बोलावली आणि आम्हालाही या म्हणून सांगितलं. जाताना गाडीत दादा म्हणाले, "पोरी, सरळ सांग, अष्टकोन हाय. रांगोळीत असतो, देवाच्या चौरंगावर असतो. खोटं तर न्हाई ना?"

"खोटं नाही, दादा."

"मग झालं. ईषय मिटला."

मी वाटभर तेच वाक्य मनात घोकत होते.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष कंपनीतून निवृत्त झालेले, समजूतदार गृहस्थ. त्यांनी मला बोलायला सांगितलं. मी कागदावर कंपासने वर्तुळ काढलं, त्यात एक चौकोन सरळ आणि एक तिरका. तारा झाला. "हा अष्टकोनी तारा आहे," मी म्हणाले, "रांगोळीतही असतो." दोन-चार माना हलल्या. मला सुटल्यासारखं वाटलं.

मागे उभा असलेला एक तरुण म्हणाला, "ते ठीक आहे. पण तुम्ही कुठून घेतला?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. हाच तो फोनवरचा आवाज, असं मला वाटलं. रांगोळीतून, एवढंच म्हणायचं होतं. दादा माझ्याकडे बघत होते. पण तोंडातून निघालं, "विजापूरच्या रोज्यातून. तिथली जाळी पाहिली, तेव्हाच मला हे काम करावंसं वाटलं."

मग मी थांबलेच नाही. भीतीने माणूस गप्प बसतो म्हणतात, मी बडबडत सुटले. देवाचं चित्र काढायचं नाही म्हणून त्यांच्या कारागिरांनी रेघेतच सगळा जीव ओतला, एका ताऱ्याची रेघ पुढच्या ताऱ्यात जाते आणि संपत नाही, असं काय काय.

"म्हणजे त्यांचंच," तो तरुण म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "दुपारी उन्हात त्याची सावली फरशीवर काय सुंदर पडते. माझी नात तिच्यात उड्या मारते." तिच्या नवऱ्याने तिला खाली बस म्हणून खूण केली.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. जाळी काढायचं ठरलं. नंतर माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "मॅडम, मला आवडली होती. पण कटकट नको. आम्हाला इथेच राहायचंय." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरही भीतीच होती.

परतताना दादा समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मला वाटलं, आता नोकरी गेली. चिखलीच्या सिग्नलला ते म्हणाले, "रांगोळीवर थांबली असतीस तर बरं झालं असतं."

"व्हय, दादा," मी त्यांच्याच भाषेत म्हणाले. ते हसले नाहीत.

पण काढून आणलेली जाळी त्यांनी भंगारात जाऊ दिली नाही. स्वतःच्या घराच्या ओसरीला, पश्चिमेकडून ऊन येतं त्या बाजूला, बसवून घेतली. मला बघायला बोलावलं. दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सावलीत मेथी निवडत बसल्या होत्या, तारे त्यांच्या लुगड्यावर पडले होते. "बाई, ही नक्षी कुठली गं?" त्यांनी विचारलं.

ओसरी रस्त्याला लागून आहे. मी आधी वळून रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांच्याजवळ खाली बसून, हळू आवाजात सांगायला लागले.