भुंड्या हातांचं यंत्र

माझ्या नोकरीचं नेमकं नाव मला कधी कुणाला सांगता आलं नाही. आई शेजारीपाजारी सांगायची, "आमचा दवाखान्याच्या लाइनीत आहे." सासरे लग्नाच्या बैठकीत मला कंपाउंडर समजले आणि मीही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. खरं म्हणजे नागपूरच्या एका दुकानातर्फे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या डॉक्टरांना नवी उपकरणं विकत असे, आणि विकल्यावर ती वापरात आहेत की नाहीत हे पाहायला पुन्हा जात असे. हा दुसरा भाग म्हणजे मालकांचा हट्ट. "तीन महिन्यांनी यंत्र टेबलावर दिसलं तर तू काम केलंस, कपाटात दिसलं तर नुसती हमाली केलीस," असं ते म्हणायचे.

मला हे काम मनापासून आवडे. एसटीत रक्तदाबाच्या यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसायचं, पारा सांडू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला ती अलगद उचलायची, आणि "बाजाची पेटी हाय का?" या प्रश्नाला दर थांब्यावर नवं उत्तर द्यायचं. डॉक्टर लोक चहा पाजत, गावकरी कौतुकानं बघत. तिशी गाठायच्या आतच मी स्वतःला फार मोठा माणूस समजायला लागलो होतो.

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास, पोळ्याच्या थोडं आधी, महागावकडच्या एका डॉक्टरांनी माझ्याकडून असं यंत्र घेतलं. चाळिशीचे गृहस्थ, औषध कमी देणारे आणि बोलणं त्याहून कमी. त्यांच्याकडे आसपासच्या तांड्यांवरच्या बंजारा बाया बाजाराच्या दिवशी येत. मी मुद्दाम तोच दिवस धरून गेलो. चारचौघींसमोर यंत्र लावून दाखवलं की भीड चेपेल, असा माझा बेत होता.

पण घोड्यानं पेंड खाल्ली ती दंडावर. लग्न झालेली बंजारा बाई कोपराच्या वर दंडभर पांढरा चुडा घालते, आणि तो नवरा गेल्यावरच उतरतो. माझ्या यंत्राचा पट्टा गुंडाळायचा नेमका तिथंच. एकीही हात पुढे करेना. शेवटी दोन म्हाताऱ्या हसत हसत पुढे आल्या. त्यांचे दंड मोकळे होते. मी दोघींना खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडे मोठ्यानं सांगितले. बाया टकमक बघत होत्या. संध्याकाळी मी नागपूरला लिहून टाकलं की स्त्रियांचा प्रतिसाद उत्तम आहे.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो तर यंत्र कपाटात. वर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू आणि आपट्याची वाळकी पानं.

"तुमी त्या दिवशी कोनाले पट्टा लावला, आठोते?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन म्हाताऱ्या होत्या."

"दोघी विधवा. आता साऱ्या तांड्यात त्याले भुंड्या हातांचं यंत्र म्हनतात. ज्या बाईले लावलं तिचा चुडा उतरते, असं. मी पेटी उघडली का बाया उठून जातात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी दुसऱ्यांचे हात दाखवून करून बसलो होतो. नवरा असलेली एकही बाई त्या यंत्राला शिवणार नव्हती आणि ही व्यवस्था मी स्वतःच लावून दिली होती. मला इतकी लाज वाटली की चहा नको म्हणालो, आणि चहाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एका तांड्याच्या नायकाची बायको आत आली. तांड्यात नायकाचा शब्द चालतो आणि नायकाच्या घरात हिचा. सगळ्या बाया तिला याडी म्हणत, म्हणजे आई. सोबत तिची धाकटी सून होती. आठवा महिना, पहिलंच बाळंतपण. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, दोन दिवसांपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ती बाकावर टेकली आणि डोळे मिटून बसून राहिली.

डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हिची थोरली जाऊ याच वर्षी गेली. बाळंतपनात झटके येऊन. हिचं बी लक्षन मले तेच दिसून राह्यलं. दाब चढला असन त आजच यवतमाळले न्याव लागन. पन आकडा हातात नाही त मी कशाच्या जोरावर सांगू?"

सांगून त्यांनी पाहिलंच. याडी म्हणाली, "सूज त साऱ्याच पोटुशीले येते, डागदर. कापसाची वेचनी सुरू हाय, इतल्या दूर कायले नेऊ?" डॉक्टरांनी भीतभीतच विचारलं, सुनेचा एका हाताचा चुडा घटकाभर काढता येईल का. याडी उठूनच उभी राहिली. सुनेचा हात धरून ती दाराकडे निघाली.

तेव्हा मला आठवलं की दोन्ही हात जायबंदी असलेल्या रोग्याचा दाब पायावर घेतात. दुकानात शिकवताना ते ओझरतं सांगितलं होतं. पोटरीला पट्टा बांधायचा, पावलावरची नाडी बोटानं धरायची. फुगा दाबला की नाडी बंद पडते, हवा सोडली की परत लागते, ती लागते त्या ठिकाणचा पारा बघायचा. मी ते बोलून दाखवलं.

"पायावर आकडा जास्त येते," डॉक्टर म्हणाले. "किती जास्त, ते कोन सांगन?"

"बाहेर ओसरीवर याडीच्या तांड्यातल्या चार जणी बसल्यात. आधी त्यांचे पाय बघू. मग कळेलच."

याडी दारात थांबून ऐकत होती. पायावर चुडा नसतो, एवढं तिला पटलं. पण अडचण दुसरीच निघाली. "डागदर देवावानी मानूस," ती म्हणाली. "त्यानं आमच्या पायाले हात लावला त पाप आमाले लागन."

"माझं काय, याडी?" मी म्हणालो. "मी विकणारा माणूस. आजवर सगळ्यांचे पायच धरत आलोय."

ती हसली नाही, पण परत आली. "पयले माहा बघ," म्हणाली आणि बाकावर आडवी झाली. नवरा जिवंत असलेली, दोन्ही दंड चुड्यानं भरलेली नायकाची बायको त्या यंत्राला पाय देते आहे, हे ओसरीवरच्या चौघींनी दारातून पाहिलं. मी जमिनीवर बसलो, पोटरीला पट्टा बांधला आणि पायातल्या कड्याच्या खाली पावलावर बोट ठेवलं. एकशेपन्नास. मग त्या चौघी एकेक करून आल्या. एकीला पावलावर गुदगुल्या होत होत्या, तिला आवरता आवरता नाकी नऊ आले. कुणाचा एकशेतीस, कुणाचा एकशेचाळीस. याडीला आकडे वाचता येत नव्हते, पण ती पेटीशेजारी बसून पारा न्याहाळत होती आणि प्रत्येकीचा जिथं थांबला तिथं काचेच्या कडेला नख टेकवून ठेवत होती.

शेवटी सून. सुजेत नाडी सापडेना. मी बराच वेळ बोट दाबून धरलं तेव्हा ती हाताला लागली. फुगा दाबला, हवा सोडायला लागलो, आणि दोनशेच्याही वर पारा असतानाच नाडी परत लागली. डॉक्टरांनी आकडा स्वतः बघितला.

याडीचं नख खाली होतं आणि पारा वर. "साऱ्यायचा इथं थांबला," ती म्हणाली. "इचा तिथं काहून?"

डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं की थोरलीला झालं तेच हिला होऊ घातलंय, आणि अजून वेळ हातात आहे. ओसरीवरच्या एकीला याडीनं वेचणीच्या रानातून मुलाला बोलवायला धाडलं आणि दुपारच्या एसटीनं सुनेला घेऊन गेली. मी त्याच गाडीत होतो. यवतमाळपर्यंत सुनेचं डोकं याडीच्या मांडीवर होतं, आणि मी पहिल्यांदाच माझ्या पेटीकडे लक्ष न देता प्रवास केला.

पुढचा महिना मी जाईन तिथं ही गोष्ट सांगत सुटलो. डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं, सून सुखरूप, मुलगी झाली, दिवस थोडे अपुरे पण बाळ दूध ओढतंय. त्या दिवशी मी घरी शिरा करायला लावला. इतका आनंद मला माझ्या बढतीच्या वेळीही झाला नाही.

संक्रांतीच्या आसपास पुन्हा तिकडे गेलो. यंत्र टेबलावर होतं. बाजाराचा दिवस होता आणि याडी आलेली होती. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, नातीचं नाक आजोबावर गेलंय म्हणाली. मग पेटीकडे बघून तिनं सहज विचारलं, "बाबू, हे इथं कवा आलं होतं?"

मला काहीतरी मोघम उत्तर देता आलं असतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हणालो, "पोळ्याच्या आधी."

"माही थोरली दसऱ्याच्या आठ दिवस आधी गेली."

"हो."

"मंग हे होतं."

"होतं, याडी. माझ्याच चुकीनं ते कपाटात पडून होतं."

ती शिव्या देईल असं मला वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती उठली, दारापाशी गेली आणि बाहेर कुणाला तरी आपल्या बोलीत हाक मारली. तीन पोटुश्या बाया आत आल्या. मी येणार हे डॉक्टरांकडून कळल्यावर तीन वेगवेगळ्या तांड्यांवरून तिनं त्या सकाळपासून फिरून गोळा करून आणल्या होत्या.

"बस खाली," ती मला म्हणाली. मी जमिनीवर बसलो आणि पहिलीचा पाय हातात घेतला.