स्टेपनी धरून तेरा

टाचणबाई फुकटची वस्तू जितक्या संशयाने हातात घेत, तितक्या संशयाने लोक विकतची वस्तूही घेत नाहीत. शिक्षकाला रोजच्या पाठाचा आराखडा आधी लिहून ठेवावा लागतो. त्याला टाचण म्हणतात. अलीकडे ही टाचणे इंटरनेटवर फुकट मिळतात. मराठी, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी, हवा तो विषय आणि हवी ती इयत्ता. बहुतेक शिक्षक ती उतरवून घेतात, वर आपल्या शाळेचे नाव घालतात आणि तपासणीसाठी ठेवून देतात. बाईही उतरवून घेत, आणि मग डहाणूजवळ मसोलीला माझ्या ओट्यावर बसून हिरव्या पेनाने त्यांच्यावर तुटून पडत.

माझ्या ओट्यावर, कारण प्रिंटर माझ्याकडे होता. न्यायालयात लघुलेखक म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यानंतर अर्ज, स्मरणपत्रे आणि अपिले यांच्या सोयीसाठी मी तो घेतला होता. बाई जवळच्याच आगर गावच्या. शाळा तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका पाड्यावर. परतीच्या जीपमधून उतरल्या की फाटकातूनच विचारत, "काका, चार पानं काढायची आहेत. सरकारशी भांडून शाई उरली आहे का?" सुरुवातीला त्या कागदात बांधून सुके बोंबील आणत. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर चिकू आणू लागल्या. मात्र "काका, तुमचं निम्मं आयुष्य वाया गेलं" हे ऐकवल्याशिवाय कधी नाही.

त्यांचा नियम एकच होता. टाचणात जी वस्तू लिहिली आहे ती पाड्यावर नसेल, तर टाचण खोटे. 'विद्यार्थ्यांना फ्रीजमधील पदार्थ सांगण्यास प्रवृत्त करावे' असे कुठे दिसले की त्या फ्रीज खोडून वर 'शिंके' लिहीत. विज्ञानाच्या पाठासाठी एकदा त्यांनी डहाणूच्या मासळीबाजारातून थर्मासात बर्फ नेला. जीप वाटेत बंद पडली. पाड्यावर पोहोचेपर्यंत थर्मासात पाणी उरले. बाईंनी ते मुलांपुढे ठेवून सांगितले, "हा सकाळी बर्फ होता." मुलांनी बाईंवरच्या प्रेमापोटी ते मान्य केले. बाईंना ते फार लागले. "काका, पुरावा नसताना पटवून घेतलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "ही सवय लागली तर पुढे मतदान कसं करतील?" दुसऱ्या दिवसापासून त्या पाठात बर्फाऐवजी मेणबत्तीचे मेण आले.

चाकांचा पाठ त्यांचा स्वतःचा, पहिल्या अक्षरापासून. पाड्यावरचे बरेचसे बाप अच्छाडच्या सीमानाक्यावर हमालीला जातात, नाहीतर तेथूनच पलीकडे गुजरातेत कामाला. नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असते, आणि मुलांना सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी लांबून ओळखता येते. बाईंनी पाढे त्या रांगेवर बसवले. अच्छाडला चार बाराचाकी उभे आहेत, चाके किती? पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारले, "बाय, खाली टांगलेला चाक नाय मोजायचा का?" बाईंनी त्याच रात्री टाचणात टीप घातली: 'एका बाराचाकीची चाके विचारली असता मूल स्टेपनी धरून तेरा म्हणाले, तर उत्तर बरोबर धरावे आणि त्याला शाबासकी द्यावी.'

तो पाठ त्यांनी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. नाव घालण्याचा मी आग्रह धरला. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं फुकट घेतलं, आता फुकट दिलं. फिट्टंफाट." पुढे विदर्भातल्या एका गुरुजींचा त्यांना फोन आला. पाठ छान आहे, पण अच्छाड म्हणजे काय असते, मुले विचारतात. बाई पोट धरून हसल्या आणि त्यांना म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या गावचा नाका घाला ना तिथे." त्या दिवशी आपला पाठ एवढ्या लांब गेल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि तो मी पाहिला आहे. पुढचे लिहिताना मला हे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते.

तो पाठ एका संकेतस्थळावर गेला. खाली परजिल्ह्यातल्या एका गृहस्थांचे नाव, आणि नावापूर्वी 'संकलन' हा शब्द. या शब्दाइतका सोयीचा शब्द मराठीत दुसरा नसावा. त्याच्या आड काहीही करता येते. त्यानंतर आमच्याकडे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी बाईंचे टाचण संकेतस्थळाशी ताडून पाहिले आणि नोटीस काढली. तीत आरोप दोन. पहिला, टाचण संकेतस्थळावरून जसेच्या तसे उतरवले. दुसरा, त्यात बाराच्या जागी तेरा असे चुकीचे गणित आहे. म्हणजे चोरी बाईंची आणि चोरीच्या मालातला दोषही बाईंचाच. ज्यांच्या नावावर तो माल होता, त्यांचा मात्र उपक्रमशील शिक्षक म्हणून शाल देऊन सत्कार झालेला होता. आरोप कायम झाल्यास सेवापुस्तकात नोंद होणार होती. बाईंना पगाराची वा बढतीची चिंता नव्हती. "शेवटी शेवटी चोर म्हणून नको, काका," एवढेच त्या म्हणाल्या.

मी खुलासा लिहून दिला. कृती कोणाच्याही मालकीची असो, ती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा हक्क कायम राहतो. स्वामित्व हक्क कायद्याचे कलम ५७ तेच सांगते. सुनावणीला मी बाईंचा लेखनिक म्हणून हजर होतो. तोंड न उघडण्याच्या अटीवर मला बसू दिले.

"बाई, बारा एके किती?" साहेबांनी विचारले.

"बारा, साहेब."

"मग इथे तेरा कसे?"

"स्टेपनी धरून."

शेजारचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "पाढ्यात स्टेपनी नसते, बाई."

"ट्रकला असते, साहेब."

"हे टाचण तुम्हीच लिहिलं, याला पुरावा काय?"

"अच्छाड," बाई म्हणाल्या. "ज्यांचं नाव खाली आहे त्यांना आत्ता फोन लावा आणि अच्छाड कुठे आलं ते विचारा. सांगितलं त्यांनी, तर मी चोर."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. "चौकशी तुमच्या टाचणाची आहे, त्यांच्या भूगोलाची नाही."

सक्त ताकीद मिळाली, नोंद झाली, आणि यापुढे केवळ मान्यताप्राप्त टाचणच वापरावे असा आदेश निघाला. मी अपील केले. 'आपला अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे' असे उत्तर आले. संबंधित शाखा त्याच साहेबांची होती. स्वतःच्या निर्णयावर स्वतःच न्याय करू नये, हे ज्या देशात शिपायालाही शिकवावे लागू नये, तेथे ते मी वरच्या प्रत्येक कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने कळवले आहे.

बाईंनी आदेश अक्षरशः पाळला. बर्फाचा पाठ पुन्हा आला, तेव्हा मान्यताप्राप्त टाचणात 'फ्रीजमधील बर्फ दाखवावा' असे होते. बाईंनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि हा फ्रीज असे सांगितले. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, पण पाने काढायला नाही. "आज खोटं शिकवलं आणि खाली सही केली," त्या म्हणाल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तो मात्र मी लिहून देण्यास नकार दिला. त्यांनी तो स्वतः लिहिला, एकाच वाक्यात.

आता त्या आगरला असतात. मी जातो तेव्हा चहा करतात, शाळेचा विषय काढू देत नाहीत. "काका, आता पुरे करा. पोस्टमनला तरी दम खाऊ द्या." त्यांच्यावर लिहिणार आहे असे सांगितले, तेव्हा त्यांनी नाव घालू नका अशी अट घातली. ती मला मान्य नाही. पण या लेखापुरती मी ती पाळली आहे.

गेल्या आठवड्यात एक तरुण शिक्षिका फाटकाशी आली. बाईंच्या जागेवर नेमलेली. पाने काढून मिळतात असे तिला पाड्यावर कोणीतरी सांगितले होते. तिच्या फोनवरून जे पान माझ्या प्रिंटरमधून बाहेर आले, तो चाकांचाच पाठ होता, आता मान्यताप्राप्त झालेला. अच्छाडच्या जागी 'टोलनाका' असे घातले होते. टिपेच्या जागी नवी टीप होती: 'अचूक उत्तर बारा. अन्य कोणतेही उत्तर चूक धरावे.'

आयुष्यभर न्यायालयाची कागदपत्रे हाताळली, पण दुसऱ्याच्या दस्तऐवजावर मी कधी पेन टेकवले नव्हते. त्या दिवशी टेकवले. टोलनाका खोडून अच्छाड केले, आणि नव्या टिपेच्या जागी जुनी लिहिली.

मुलीने वाचले. "खरंच की, आजोबा. स्टेपनी असतेच ना खाली. हे कोणी लिहिलंय?"

मी पान परत घेतले. तळाशी 'संकलन' हा शब्द होता, तो मी खोडला, पुढचे नावही खोडले, आणि 'लेखन' असे लिहून त्यापुढे बाईंचे नाव लिहिले; वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सेवापुस्तकात आहे तसेच.