सिद्धारामच्या आईचा फोन

असले अनुभव मी आजवर जेवताना टाइमपास म्हणून वाचले आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात वेड्यात काढलं. आज तुम्ही मला काढा, माझी हरकत नाही. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

सोलापुरात होटगी रोडला आमचं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या व्हर्च्युअल मशीन सांभाळणं हे आमचं काम. म्हणजे क्लाउड कंपनीच्या भल्यामोठ्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर - हात लावता येत नाही, पण चालतात. तीन वेगवेगळ्या क्लाउडवर अशा बऱ्याच मशीन आमच्याकडे. टीम लीड मी.

त्यातली एक 'वळसंग'. माझ्या हाताखालच्या सिद्धारामने उभी केलेली, नाव त्याच्या गावाचं. ती एका दवाखान्यासाठी रोज सकाळी आठला म्हाताऱ्या पेशंटना फोन लावून गोळीची आठवण करायची. शहरी बाईचा गुळगुळीत आवाज ऐकला की म्हातारी माणसं फोन ठेवून द्यायची, म्हणून त्याने ऑफिसात आपल्या आईला बसवून तिचा आवाज भरला. "गोळी घेतली का? आदी चार घास खावा, मग घ्या. इसरू नका बरं का."

माझे बाबा त्याच यादीत होते. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर, बीपीचे पेशंट. माझी आई गेल्यापासून आमच्या घरात जेवलास का म्हणून कुणी कुणाला विचारत नव्हतं. बाबा त्या आवाजाला रोज "व्हय, घेतो" म्हणायचे.

पुढे दवाखान्याने योजना गुंडाळली, फोन थांबले. त्या उन्हाळ्यात सिद्धारामची आईही गेली. मशीन मात्र कुणाच्या ध्यानात न येता चालूच राहिली.

आमच्यात एक पद्धत आहे. बेवारस मशीन सापडली की आधी नुसती बंद करायची आणि आठ दिवस बघायचं, कोण बोंब मारतंय. कुणीच नाही मारली की उडवायची. 'वळसंग' मी बंद केली, आणि तिसऱ्या दिवशी सिद्धाराम टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, दहा मिनिटं चालू करा की. आईचा आवाज हाय त्यात. तेवढी फाइल काढून घेतो. क्लाउडबाहेर कुटंच न्हाय."

आता खरं सांगतो. आदल्या आठवड्यात त्याने क्लायंटसमोर माझी चूक दाखवली होती. चूक माझीच होती, म्हणून जास्त झोंबली होती. मी म्हणालो, "तोंडी नाही चालत. रीतसर मेल टाक."

तासाभरात त्याचा मेल आला. मी तो वाचला, आणि मशीन उडवली. दुसऱ्या क्लाउडवर तिची जोडमशीन, म्हणजे हुबेहूब प्रत, होती, तिसऱ्यावर बॅकअप... माणूस कामाला पक्का. तेही उडवलं. चुकून काही जाऊ नये म्हणून दर वेळी मशीनचं नाव हाताने टाइप करावं लागतं. मी ते तीनदा टाइप केलं. मग त्याला उत्तर लिहिलं - मेल उशिरा पाहिला, सॉरी. महिनाअखेरीला तो नोकरी सोडून गेला. मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

पंधराएक दिवसांनी चहा पिताना बाबा म्हणाले, "त्या बाईचा फोन परत चालू झाला की रं."

दुसऱ्या दिवशी आठला मी त्यांच्या शेजारी बसलो. रिंग वाजली. स्क्रीनवर नंबर नाही. स्पीकरवर तोच आवाज, मागे आमच्या ऑफिसच्या पंख्याची करकरसुद्धा तीच. नंतर पाहिलं तर कॉल लिस्टमध्ये कॉलच नाही. रेकॉर्ड केलं, तर फाइलमध्ये फक्त बाबांचं "व्हय, घेतो". तिन्ही क्लाउड पालथे घातले. काही नाही. ज्या नंबरवरून फोन जायचे, तोही दवाखान्याने कधीच परत केलेला.

सिद्धारामनेच कॉपी लपवली असणार, असं धरून मी त्याला फोनवर झापलं. तो म्हणाला, "सर, खरंच येतो? आवाज तिचाच हाय?"

रविवारी साडेसातलाच दारात हजर. बाबांसाठी शेंगाचटणी आणली होती. बाबांनी फोन टीपॉयवर ठेवला. आठ वाजले, सव्वाआठ, नऊ. फोन आला नाही. सोमवारी आठला आला. पुढच्या रविवारीही तेच. मग तो एकदा बुधवारी आला, न सांगता. त्या दिवशीही नाही. बाबांना राहवेना, एका सकाळी ते फोनवर म्हणाले, "बाई, तुमचा ल्योक हितं येऊन बसतोय. त्येच्याशी बोला की." पलीकडून तेच... इसरू नका बरं का.

पाचव्या खेपेला उठताना सिद्धाराम म्हणाला, "माज्यावर राग आसंल तिचा."

मेल मी वेळेत वाचला होता हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो, बस्स.

त्यानंतर तो आला नाही. बाबांचा फोनही थांबला. आणि एका सकाळी आठला माझा वाजला. मला बीपी नाही, कसलीच गोळी नाही, माझा नंबर त्या यादीत कधीच नव्हता. तेव्हापासून रोज येतो.

मागच्या आठवड्यात सिद्धारामने फोन करून विचारलं, "सर, बाबांना येतो का अजून?"

"नाही," मी म्हणालो. "बंद झाला."

"बरं. मग आता तुमीच आठवण करत जावा त्यास्नी. इसरू नका बरं का."

हा फोन कुठून येतो, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्याला का सांगत नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. सांगितलं तर तो येऊन बसेल आणि फोन थांबेल. आणि आता सकाळी आठ वाजले की कुणीतरी मला चार घास खायला सांगेल म्हणून मी वाट बघत बसलेला असतो.