पाड्यातली अनन्या

बाळांच्या नावांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. लसीकरणाचं रजिस्टर उघडलं की एकेक आपणहून पुढे येतो! २०१४ ते १९ मी उधव्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या एका आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होते, राहायला मसोलीला. दोन्हीकडचे ऐका.

*

मसोलीत आमच्या शेजारी रेल्वेतले एक साहेब. मुलीचं नाव ठेवलं मायरा. मी विचारलं, "अर्थ काय हो?"

"मोबाईलवर होता सिस्टर. बघणार तेवढ्यात नेट गेलं!"

मुलगी आता शाळेत जाते. अर्थ अजून यायचाय.

*

त्यांच्याच वरच्या मजल्यावर बारसं होतं. दोन आत्या, दोघींची नावं वेगळी, माघार कोणी घेईना. शेवटी एकीने बाळाच्या उजव्या कानात आपलं नाव सांगितलं, दुसरीने डाव्या कानात आपलं. पोरीने भोकाड पसरलं. आजोबा म्हणाले, "कळलं हिला, कुठल्या घरात आलोय ते!"

*

पाड्यावर असली भांडणं नसायची. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. सोमी, मंगळी, बुधी. एकदा इंजेक्शनसाठी मी "बुधी!" म्हणून हाक मारली, तर चार बायका उठल्या. एकीला तेच इंजेक्शन दोनदा मिळता मिळता राहिलं!

*

दोनदा टोचता टोचता वाचली, तीच ही बुधी. तिला शुक्रवारी मुलगी झाली. सासू म्हणाली, "शुक्री." बुधी म्हणाली, "नाय."

मी विचारलं, "का गं?"

"माझ्या नावाच्या चौघी हायेत, सिस्टर. माझ्या पोरीला तिचं एकटीचं नाव पायजे."

मी सुचवलं, "अनन्या ठेव. म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही ती."

सासूने तीन महिने अबोला धरला. नवरा म्हणाला, जाऊ दे ना. बुधी तसूभर हलली नाही. दर लसीला कार्ड पुढे करून विचारायची, "अनन्याच लिवलंय ना?" मला त्या बाईचं फार कौतुक वाटायचं.

*

चार वर्षांनी अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटायला गेले. यादी धरली, हाक मारली, "अनन्या!"

पाच पोरी उठल्या! बुधीचं बघून सगळ्या पाड्याने तेच नाव उचललेलं. आणि प्रत्येकीच्या आईला हौसेने अर्थ सांगणारी कोण? मीच! बुधी तिथेच आयांमध्ये बसली होती; तिच्याकडे बघायची मला लाज वाटली.

तेवढ्यात दारातून तिच्या सासूने हाक दिली, "ए शुक्री!"

एकच पोरगी धावत गेली.

म्हातारी तोंडभर हसली. बुधी उठली, माझ्या समोर आली आणि यादीवर बोट ठेवून म्हणाली, "घरात शुक्री चालंल, सिस्टर. तुमच्या रजिस्टरात अनन्याच!"