माझेपण तेवढेच काप

आज पार्लरमध्ये स्ट्रेटनिंगच्या मशीनखाली ओले केस चरचरले. त्या जळकट वासाने मला कानडी मुलखात, मल्लेश्वरममधल्या पार्लरमधले माझे सुरुवातीचे दिवस आठवले.

एका कॉलेजच्या मुलीने कमरेपर्यंतचे केस माझ्याकडून मानेपर्यंत कापून घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी.

“कुणाला विचारून कापलेस?”

“अक्का, तिनेच सांगितलं,” मी पुटपुटले.

ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग खुर्चीत बसून तिने अंबाडा सोडला. “सरी, ठीक आहे. माझेपण तेवढेच काप.”

मी कापले. तेव्हा वाटलं, लेकीवरच्या रागानेच ती बसली. आता माझी लेक तेवढी झालीय, तर वाटतं, त्या आईलाही ते कधीपासून हवं असेल. त्या दिवशी जाताना मात्र ती रडत होती.