वामनकाकांच्या फळ्यावरच्या चार ओळी

वामनकाका गेल्याचा फोन खुर्सीपारच्या वस्तीतून आला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तू स्वतः पाहिलंस का?" फोनवर त्यांचा पुतण्या होता. तो म्हणाला, "पाहिलं, ताई. आताच." त्याला राग आला नाही. मरणाची बातमी अशी तपासून घ्यायची सवय आमच्या कामगारांच्या कॅम्पाला काकांनीच लावली होती. आईला घेऊन मी निघाले. त्याला आता महिना झाला.

काका आमचे रक्ताचे कोणी नव्हते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा कॅम्प-१ मध्ये त्यांची खोली आमच्या शेजारी होती. ते एका ठेकेदाराकडे हजेरीबाबू होते. त्याआधी फौजेत होते, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर काही महिने जपानात. तिथल्या परदेशी लोकांसाठी निघणारं एक इंग्रजी वर्तमानपत्र त्यांनी तिथे धरलं, ते कायमचं. कोबेतला एक दुकानदार मित्र जुने अंक बोटीने पाठवायचा. काका त्यातल्या बातम्या आपल्या भाषेत करून नळाजवळच्या लाकडी फळ्यावर खडूने लिहीत, आणि खाली कॅम्पाच्या बातम्या. लोक त्यांना जपानबाबू म्हणत. माझे वडील तर रोज चिडवायचे, "काय लिहिते तुमचा पेपर? कोन्या मेमनं कोनाले चहाले बोलावलं, हेच ना?"

"तिथले गोरेही असेच हासत," काका म्हणायचे. "जपानात राहून जपानची खबर नाही म्हनत. पन भाऊ, सकाळी पयले तोच उघडत. कावून? चूक झाली का दुसऱ्या दिवशी पयल्या पानावर कबूल करे."

मग एका दुपारी ठेकेदाराच्या कामावर पायाच्या खड्ड्याची माती ढासळली. कामावर जाताना प्रत्येकाने खिळ्यावरचा आपला पत्र्याचा बिल्ला काढून न्यायचा आणि बाहेर पडताना परत टांगायचा, अशी पद्धत होती. त्या दुपारी तीन खिळे रिकामे राहिले. काकांनी फळ्यावर मेलेल्यांची म्हणून तीन नावं लिहिली. तिसरं माझ्या वडिलांचं होतं.

वडील बिल्ला खिशातच ठेवून चुनखडीच्या ट्रकवर नंदिनीच्या खाणीला गेले होते. दिवस मावळताना पांढऱ्या धुळीने माखून ते घरी आले, तोवर बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी फळ्यावर सगळ्यात वर, खडूने नव्हे, तेलरंगाने लिहिलेलं होतं: "काल तिसरं नाव चुकीचं लिहिलं. तो माणूस जिवंत आहे. मी बिल्ला पाहिला, माणूस पाहिला नाही." खाली काकांचं पूर्ण नाव. आईने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. काका दारात येऊन उभे राहिले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कबूल केलं का झालं, भाऊजी?"

वडील त्यानंतर तीस वर्षं जगले. आईने हातात पुन्हा काच चढवली नाही, आणि काकांशी ती पुन्हा बोलली नाही.

काका मात्र त्यानंतर घरी जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचं नाव लिहीत नसत. कुठूनही वाईट बातमी आली की कॅम्पातले लोक विचारत, "जपानबाबूनं पाहिलं का?" त्या ओळी तशाच राहिल्या. मी मॅट्रिकला असताना त्यांना म्हटलं, "काका, लोक विसरले. पुसा ना आता."

"लोक विसरून राहिले, मले मालूम हाय," ते म्हणाले. "तुह्या मायनं म्हटलं तं पुसीन…"

मी ते आईला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

काका गेले त्या दिवशी, त्यांना नेल्यानंतर आई त्यांच्या खोलीत बसून होती. फळा भिंतीला टेकून ठेवलेला. जपानच्या अंकांचे गठ्ठे वाळवीने संपवले होते, खडूची अक्षरं कधीच गेली होती. त्या चार ओळी तेवढ्या ताज्या. पुतण्या म्हणाला, काका दर उन्हाळ्यात त्या गिरवायचे. आईने मला वाचून दाखवायला सांगितल्या. मी वाचल्या.

"पुस आता," ती म्हणाली.

मी फडकं ओलं करून आणलं. मग रॉकेल आणलं. इतक्या उन्हाळ्यांचे थर होते, रंग निघेना. मी म्हटलं, "राहू दे, आई." तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि ती स्वतः घासत बसली.