काट्यावरची बॅग

कोपरखैरण्यात माझं रद्दीचं दुकान आहे. पालिकेच्या शाळेतल्या एक बाई दर शनिवारी येतात आणि ढिगातून मागून कोरे असलेले कागद निवडतात. मी म्हणतो, "न्या हो बाई, असेच." त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी काट्यावर ठेवा." आवाज असा, की मीही सरळ उभा राहतो.

परवा त्या मोठी बॅग घेऊन आल्या. शिक्षकांच्या अभ्यासदौऱ्यावर जपानला निघाल्यात, पहिल्यांदाच.

"आधी काट्यावर ठेवा," या वेळी मी म्हणालो.

विमानात चालतं त्यापेक्षा बॅग एक किलो जास्त भरली. कशानं, ते उघडल्यावर दिसलं. माझ्याच दुकानातली जुनी कॅलेंडरं. कोऱ्या बाजूवर प्रत्येक मुलानं घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढला होता, तिकडच्या मुलांना दाखवायला. एकीनं बोनकोड्याच्या वळणावर आपले माथाडी वडील उभे केले होते, पाठीवर कांद्याची गोणी देऊन.

मी म्हणालो, "मोबाईलवर फोटो काढून न्या की."

"फोटोच पाठवायचे तर मी कशाला जाऊ?"

बाईंनी बॅगेतून जाड स्वेटर काढून भर उन्हाळ्यात साडीवर चढवला, वरून शाल घेतली. "अंगावरचं मोजत नाहीत." वजन बरोबर आलं. घामाघूम झाल्या, पण कवायतीला निघाल्यासारख्या ताठ चालत गेल्या.

माझ्याकडचा कागद एरवी लगदा व्हायला जातो. या खेपेला किलोभर जपानला पाठवलाय.